कडीकोयंड्याच्या पुढे: कऱ्हाकाठच्या घरांसाठी दाराचे आणि हालचालीचे सेन्सर

बारामती-इंदापूरकडच्या तालुका पानावर घरफोडीची बातमी आली की तिच्यातलं एक वाक्य ठरलेलं असतं: दाराचा कडीकोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला. कपाट, दागिने, रोकड हे सगळं त्यानंतर येतं. घराला कोणता सेन्सर बसवावा, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या वाक्यातच आहे. चोर बहुतेकदा दारातून येतो, आणि घरात कोणी नाही याची खात्री करून येतो.

या भागात घरं बंद राहण्याचे प्रसंग पुष्कळ. मुलगा-सून पुण्यात नाहीतर चाकणला, आई-वडील वस्तीवर. बारामतीच्या एमआयडीसीत नवरा-बायको दोघंही कामाला, त्यातला एक रात्रपाळीला. लग्नसराईत अख्खं कुटुंब दोन दिवस परगावी. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे सरकते तेव्हा घरटी एखादं माणूस वारीत असतं. शिवाय शेतीच्या विजेचं वेळापत्रक आहेच. ज्या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्री असते, त्या आठवड्यात कर्ता माणूस बॅटरी घेऊन उसाला पाणी धरायला जातो आणि घरात म्हातारी माणसं, बायका आणि पोरं उरतात. शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेली सेन्सरची शिफारस या घरांना लागू पडत नाही. इथला दरवाजा वेगळा, भिंत वेगळी, ऊन वेगळं, वीज वेगळी. म्हणून बाजारात काय मिळतं याची यादी देण्यापेक्षा, त्यातलं काय इथे टिकतं हे पाहू.

सेन्सर ही वस्तू इथल्या माणसाला नवखी नाही. विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू करणारा मोबाईल स्टार्टर कितीतरी शेतकऱ्यांकडे आहे. त्यातल्या सिमकार्डाचा रिचार्ज संपला की मोटर ऐकत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. रानडुकरांसाठी सोलरचं झटका मशीन आहे, तार तुटली की त्याचा भोंगा वाजतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसाच्या फडात मातीचे आणि हवामानाचे सेन्सर बसवून कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, आणि 2025 च्या सुरुवातीला त्या कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला. उसाच्या मुळाशी ओल किती आहे हे फोनवर कळतं. मग मागचं दार उघडलं गेलं हे कळायला काय हरकत आहे?

दाराच्या सेन्सरपासून सुरुवात करू, कारण पहिला पैसा तिथेच घालावा असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्र अगदी साधं आहे. काचेच्या बारीक नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींपासून किंचित दूर ठेवलेल्या असतात. लोहचुंबक जवळ आलं की त्या चिकटतात, दूर गेलं की सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी तो 1936 च्या सुमारास घडवला, आणि आज सातशे रुपयांच्या सेन्सरमध्ये असो की पाच हजारांच्या, आत बहुतेकदा हीच कल्पना असते. चुंबकाचा तुकडा दाराच्या फळीवर, स्विचचा तुकडा चौकटीवर. दार उघडलं, अंतर वाढलं, खबर गेली. उन्हाचा, अंधाराचा, मांजराचा, पंख्याचा यावर काही परिणाम नाही, म्हणून खोटी हाक जवळजवळ नाही.

अडचण आहे ती आपल्या दारांची. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बांधलेल्या घरांना इथे सर्रास लोखंडी चौकट आणि पत्र्याचं दार असतं, वर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर. दुकानाला रोलिंग शटर, ओसरीला सरकती जाळी. छोट्या बटणाएवढं चुंबक लोखंडावर चिकटवलं की त्याची बरीचशी शक्ती ते लोखंडच ओढून घेतं. डब्यावर लिहिलेलं पंधरा-वीस मिलिमीटरचं अंतर प्रत्यक्षात पाच-सहावर येतं. मग दार बंद असूनही सेन्सर उघडं असल्याचं सांगतो, किंवा वाऱ्याने दार जरा हललं तरी हाक देतो. ग्राहक म्हणतो माल हलका निघाला. माल ठीक असतो, जागा चुकलेली असते. उपाय स्वस्त आहे: दोन्ही तुकड्यांखाली पाच ते दहा मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी घालून लोखंडापासून उचलून घ्यायचं. तेवढ्याने भागलं नाही तर जाड चुंबकाचा, अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्यातला शटर सेन्सर घ्यायचा. बहुतेक वेळा तो वायरचा असतो, आणि दोन-चार सेंटीमीटरचं अंतर सहज झेलतो. दुकानाच्या शटरला दुसरं काही बसवूच नये. हादऱ्यावर चालणारे सेन्सर शटरला लावले की वळवाच्या वाऱ्यात रात्रभर वाजत राहतात.

जुन्या वाड्यांची दुपाखी लाकडी दारं वेगळाच प्रश्न उभा करतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, बिजागरी झिजून फळी खाली उतरते. जी फळी आधी उघडते तिच्यावर चुंबक, आणि वर्षातून दोनदा अंतर तपासायचं. सेन्सरबरोबर येणाऱ्या दुहेरी चिकटपट्टीवर विसंबू नये. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर ती एप्रिल संपेपर्यंत टिकत नाही, रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येते. दोन बारीक स्क्रू मारावेत.

खिडकीच्या सेन्सरवर मात्र इथे पैसे घालू नयेत असं मला वाटतं. युरोप-अमेरिकेतल्या खिडक्यांना सहसा गज नसतात, म्हणून तिकडच्या संचात दाराएवढेच खिडकीचे सेन्सर असतात. आपल्याकडे वाड्याच्या खिडकीला गज आणि बंगल्याच्या खिडकीला ग्रील. माणूस सहसा तिथून आत शिरत नाही. खिडकीतून जी चोरी होते ती वेगळी. उन्हाळ्यात तावदानं उघडी ठेवून माणसं झोपतात, आणि बाहेरून काठीला आकडा लावून कोणी खुंटीवरची पँट किंवा चार्जिंगला लावलेला फोन ओढून नेतं. खिडकी आधीपासूनच उघडी असल्याने सेन्सरला त्यात कळण्यासारखं काही नाही. जिन्याच्या वरचं गच्चीचं दार आणि परसाकडचं दार या दोन जागा आधी धराव्यात. गच्चीवर झोपायची सवय असलेल्या घरात तर खालच्या दारावरचा सेन्सर रात्री कपाटाच्या कुलपाइतकाच गरजेचा आहे.

हालचालीच्या सेन्सरकडे वळताना कऱ्हाकाठच्या उन्हाचा विचार आधी करावा लागतो. बाजारात जो स्वस्त मोशन सेन्सर मिळतो त्याला पीआयआर म्हणतात. तो स्वतः काही सोडत नाही, समोरून येणारी उष्णता पाहतो. माणसाच्या अंगातून नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त लहरी सतत बाहेर पडतात. सेन्सरपुढची खरखरीत पांढरी प्लास्टिकची भिंगं खोलीचे पट्टे पाडतात, आणि एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गरम काहीतरी सरकलं की आतला स्फटिक विजेची बारीक झुळूक देतो. म्हणजे हा सेन्सर माणूस ओळखत नाही. मागच्या भिंतीच्या आणि पुढच्या अंगाच्या तापमानातला फरक ओळखतो.

आता एप्रिलमधली दुपार डोळ्यासमोर आणा. बारामतीत पारा चाळिशीला टेकलेला, वर पत्रा, पश्चिमेची भिंत तापलेली. त्वचेचं तापमान चौतीस-पस्तीस, कपड्यांचं त्याहून जरा कमी-जास्त, आणि भिंतीचं तेवढंच किंवा वर. फरक संपला. सात-आठ मीटरवरून माणूस टिपणारा सेन्सर अशा खोलीत दोन-तीन मीटरवरही चाचरतो. ज्या वेळी घरातले रानात आणि शेजारी वामकुक्षीत असतात, नेमक्या त्याच वेळी पत्र्याच्या खोलीतला पीआयआर सर्वांत आंधळा असतो. म्हणून दिवसाच्या राखणीसाठी त्याच्यावर भरवसा टाकणं मला धोक्याचं वाटतं. रात्री आणि थंडीत तो उत्तम चालतो. स्लॅबच्या घरात, आतल्या बोळात, सूर्य न पोचणाऱ्या भिंतीवर साडेसहा-सात फुटांवर बसवला, आणि माणूस त्याच्याकडे चालत न येता त्याच्यासमोरून आडवा जाईल अशी जागा निवडली, तर साधा सेन्सरही चोख काम देतो.

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळरानावर लांडगे आहेत, सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत. अशा जनावरांच्या अभ्यासासाठी जे कॅमेरा ट्रॅप लावतात त्यांचं बटण दाबणारा बहुतेकदा हाच पीआयआर असतो. आणि तिथेही दुखणं तेच: भर उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं की कॅमेरा रिकामे फोटो काढत बसतो. अंगणात, गोठ्यासमोर, उसाच्या कडेला पीआयआरवर भोंगा जोडणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. तिथे कुत्रं येणार, मांजर येणार, रेडकू येणार, भिंगावरून पाल जाणार. बाहेर पीआयआर असावा तो दिव्याला जोडलेला. गोठ्याकडे काही हललं आणि लख्ख उजेड पडला तर बिघडत काहीच नाही. उलट उसात बिबट्या दिसल्याची चर्चा असेल तेव्हा दार उघडण्याआधी उजेड पाहिजेच. भोंगा मात्र रोज विनाकारण वाजू लागला तर आठवड्याभरात कोणीतरी त्याची वायर काढून ठेवतं.

अडीचशे-तीनशे रुपयांचा सेन्सरचा बल्ब ही मला या सगळ्या पसाऱ्यातली सर्वांत मोलाची खरेदी वाटते. पुष्कळ वस्त्यांवर संडास-मोरी अजूनही अंगणाच्या टोकाला आहे. सत्तरीच्या माणसाला रात्री दोनदा उठावं लागतं, आणि बटण शोधताना पायरी चुकते. मांडीचं हाड मोडलं की त्या वयात माणूस अंथरुणाला खिळतो. खोलीच्या दारापासून मोरीपर्यंत दोन-तीन असे बल्ब लावले तर चोरापेक्षा जवळचा धोका टळतो. पावसाची झड लागू नये म्हणून वर पत्र्याचा आडोसा करावा.

रडारचे नवे सेन्सर चोवीस किंवा साठ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडून त्यांचा परतलेला पडसाद वाचतात. उष्णतेशी त्यांचं देणंघेणं नाही, आणि खुर्चीत निवांत बसलेल्या माणसाचा श्वासही ते टिपतात. पण त्यांना सतत वीज लागते, किंमत जास्त आहे, आणि फिरता पंखा किंवा हलणारा पडदाही त्यांना माणूस वाटू शकतो. घराच्या राखणीसाठी अजून थांबावं.

आता सेन्सरला जे कळलं ते पोचायचं कसं? शहरी सल्ला इथे सर्वांत जास्त फसतो. वायफायचा सेन्सर सगळ्यांत सोपा: हब, म्हणजे सेन्सरांचे निरोप घेणारी मधली पेटी, नको, फोनवर अ‍ॅप टाकलं की झालं. पण सेल वाचवण्यासाठी तो झोपलेला असतो. दार उघडलं की जागा होऊन आधी राउटर शोधतो, मग इंटरनेटवरच्या सर्व्हरला गाठतो, मग तुमच्या फोनवर सूचना येते. लाइट गेली आणि राउटर बंद पडला की साखळी पहिल्याच कडीला तुटते. वळीव पाऊस आला की वस्तीवरची लाइट किती वेळ जाते हे मी सांगायला नको. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडणं हा त्यावरचा किमान इलाज. तो न करता वायफाय सेन्सर घेऊ नये.

झिगबी ही दुसरी बिनतारी पद्धत. अ‍ॅकारा, सोनऑफ या ब्रँडांचे सेन्सर या पद्धतीचे मिळतात. वीज फार कमी लागते, एका सेलवर वर्ष-दोन वर्षं निघतात, पण दीड ते तीन हजारांचा हब लागतो. फायदा असा की हब चांगला असेल तर इंटरनेट नसतानाही घरातल्या घरात भोंगा वाजवू शकतो. दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंतींत मात्र लहर पुढच्या खोलीपर्यंतही धड जात नाही. मध्ये एखादा झिगबीचा प्लग लावला तर तो निरोप पुढे ढकलतो, पण लाइट गेली की तो प्लगही मुका होतो. हबबरोबर त्यालाही इन्व्हर्टरवर घ्यावं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये मॅटर नावाचं समान मानक आलं. नवा हब घेताना ते असलेला घ्यावा, त्यासाठी चालू जुना फेकू नये.

तिसरी पद्धत सिमकार्डाच्या अलार्म पेटीची. वाड्या-वस्त्यांसाठी मला हीच जवळची वाटते. पेटीत स्वतःची बॅटरी, स्वतःचा भोंगा, आणि दार उघडलं की ती चार-पाच नंबरांना ओळीने फोन लावते. इंटरनेट नको. साधारण तीन ते पाच हजारांत दाराचे दोन-तीन सेन्सर आणि एक पीआयआर धरून संच येतो. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पेटी टूजीवर चालणारी असेल तर तिच्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं टूजी जाळंच नाही. फोरजी पेटी मागावी. रिचार्जची तारीख घरातल्या एका माणसाच्या डोक्यात पक्की असावी. आणि स्वस्त बिनतारी सेन्सर 433 मेगाहर्ट्झवर एकच ठरावीक सांकेतिक आकडा पाठवतात. माहीतगार माणूस तो हवेतून उचलून पुन्हा सोडू शकतो, आणि सेल संपला तरी बरेच सेन्सर पेटीला तसं कळवत नाहीत. गावातला घरफोड्या इतका तंत्रज्ञ क्वचित असतो, पण सराफाच्या दुकानाने हा धोका पत्करू नये.

नव्याने बांधकाम किंवा वायरिंग चालू असेल तर मात्र सगळं बाजूला ठेवून वायर ओढावी. वायरचा चुंबकी स्विच शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, त्याला सेल नाही, रेंज नाही, आणि वायर कापली तरी पेटी ओरडते, कारण बंद दाराचा अर्थ जोडलेली वायर असाच असतो. भिंतीतून पाइप टाकतानाच चौकटीपर्यंत एक जादा नळी सोडून ठेवा असं इलेक्ट्रिशियनला सांगितलं तर खर्च नगण्य आहे.

सेलचंही पाहून घ्यावं. एएए सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतो. सीआर 2032 घड्याळवाल्याकडे मिळतो. सीआर 2450 किंवा सीआर 123 ए साठी बारामती गाठावी लागते, कधी ऑनलाइन मागवावा लागतो. दोन सेन्सरांत बाकी सगळं सारखं असेल तर एएए वाला घ्यावा.

आता मूळ मुद्दा. खबर कोणाला द्यायची? पुण्यातल्या मुलाच्या फोनवर रात्री अडीच वाजता सूचना आली आणि तो शंभर किलोमीटरवर असला, तर तो काय करणार? पहिली हाक शेजाऱ्याच्या कानापर्यंत जायला हवी. म्हणून संचात सर्वांत आधी भोंगा पाहावा: बॅटरीवर चालणारा, घराच्या उंच भागी बाहेर लावलेला, मोडायला शिडी लागेल असा. पण भोंगाही एकटा पुरत नाही. घरफोडीच्या बातम्यांत आणखी एक तपशील वारंवार येतो: चोरट्यांनी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावल्या होत्या. भोंगा वाजला, शेजारी जागे झाले, आणि दार उघडेना. त्या क्षणी फोन लागतो, आणि तो आळीबाहेरच्या माणसाला लागायला हवा. ग्रामसुरक्षा यंत्रणेत एका टोल फ्री नंबरवर बोललेला निरोप गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाईलवर एकाच वेळी जातो. पोलिसांचा 112 आहेच. अलार्म पेटीत नंबर भरताना पहिला शेजारच्या आळीतल्या विश्वासू माणसाचा, दुसरा पोलीस पाटलांचा, आणि मग मुलाचा, असा क्रम असावा. ज्यांचे नंबर भरायचे त्यांना आधी घरी बोलावून भोंग्याचा आवाज एकदा ऐकवावा.

2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर बारामती, इंदापूर, दौंड या पट्ट्यात रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात, अशी चर्चा उठली आणि गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. त्या जागरणात भीती खरी होती, पण माहिती कोणाकडेच नव्हती. अशा रात्री परका माणूस दिसला की संशय त्याच्यावर जातो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोट भरायला आलेले लोक होते. दाराचा सेन्सर अफवा थांबवत नाही. पण कोणत्या घराचं कोणतं दार किती वाजता उघडलं एवढी पक्की गोष्ट हातात असली, तर जमलेल्या माणसांना नेमकं कुठे जायचं ते कळतं आणि रस्त्यावरच्या वाटसरूचा जीव धोक्यात येत नाही. मला सेन्सरची ओढ आहे ती बरीचशी यासाठी.

दुसरं कारण म्हातारी माणसं. लेकाला काळजी वाटते म्हणून तो स्वयंपाकघरात कॅमेरा लावतो, आणि आईला स्वतःच्या घरात पदर सावरून बसावं लागतं. त्यापेक्षा परसदारावर एक सेन्सर लावावा. ती रोज सहाला मागचं दार उघडून चुलीला किंवा गोठ्याला जाते. आठ वाजले तरी ते उघडलं नाही तर फोनवर सूचना यावी, एवढीच सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये करता येते. मग मुलाने आधी तिला, मग शेजारणीला फोन करावा. तिची हालचाल कोणी पाहत नाही, ऐकत नाही, आणि तरी ती उठली हे कळतं. बसवण्यापूर्वी तिला समजावून तिची संमती घ्यावी, आणि अ‍ॅप कोणाकोणाच्या फोनवर राहील हेही तिच्यासमोर ठरवावं. जावयाचा फोन त्यात नको असं ती म्हणाली तर तो नसावा.

पाच हजारांचं बजेट असेल तर माझी मांडणी अशी राहील: फोरजी अलार्म पेटी, पुढच्या, मागच्या आणि गच्चीच्या दाराला सेन्सर, आतल्या बोळात एक पीआयआर फक्त रात्रीपुरता, मोरीच्या वाटेवर दोन बल्ब. कोयंड्याच्या जागी आतून बसणारं मजबूत कुलूप यातूनच काढावं, त्यासाठी पीआयआर वगळावा लागला तरी चालेल. हजारच रुपये असतील तर दार उघडताच जागेवर किंचाळणारे दीडशे-दोनशे रुपयांचे सुटे अलार्म दोन दारांना, आणि उरलेल्यात बल्ब. कॅमेरा नंतर. चोरी झाल्यावर तपासाला त्याचा उपयोग होतो, पण झोपलेल्या आळीला जागं करणं हे त्याचं काम नव्हे.

आणि पैसे मोजण्याआधी दुकानदाराला एक विनंती करावी. पेटी किंवा हब, सेन्सर आणि भोंगा काउंटरवर मांडून जोडून घ्यायचे, मग दुकानाचा राउटर बंद करायला सांगायचा, पेटीची पिन बोर्डातून काढायची आणि चुंबक हाताने बाजूला करायचं. भोंगा वाजला तर बिल करायचं. वाजला नाही तर दुसरा संच दाखवायला सांगायचं.